धुराची बातमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ रोजी, रविवारी पहाटे, टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कारखान्याच्याच इमारतीत राहणारे मालकाचे कुटुंबीय आणि कामगार असे आठजण त्या आगीत दगावले. त्यांत एक लहानगे मूलही होते. अग्निशामक दलाला आग आटोक्यात आणायला कित्येक तास झुंजावे लागले. सूत, तयार माल, पुठ्ठे, प्लॅस्टिकच्या पिशव्या अशा मालाने भरलेल्या इमारतीत एकदा ज्वाळा उठल्या की पाणी कितीही मारले तरी ते अपुरेच पडते.

ही आग कशाने लागली, त्या कारखान्यात काय होते आणि काय नव्हते, याची चर्चा आम्ही येथे करणार नाही. तो चौकशीचा विषय आहे. आम्हांला येथे विचार करायचा आहे तो एका साध्या प्रश्नाचा. रात्री गोदामाच्या कोपऱ्यात सुताचा एक गठ्ठा धुमसू लागला. वरच्या मजल्यावर माणसे झोपली आहेत. त्या गठ्ठ्यापासून त्या माणसांच्या कानांपर्यंत बातमी पोचायची आहे. ती कोण नेणार, कशी नेणार, आणि वाटेत ती हरवली किंवा बिघडली तर काय? आज संवेदक, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सेन्सर, स्वस्त झाले आहेत. परंतु एकट्या संवेदकाला कळून काही उपयोग नसतो. त्याला जे जाणवले ते इतरांना सांगता आले पाहिजे. संवेदनेची ही देवाणघेवाण बिनतारी जाळ्यातून कशी होते, ते आपण पाहू या.

खरे तर संवेदक ही वस्तू विणकामाच्या शेडला नवी नाही. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लटकवलेली असते. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर उचललेली राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, दोन विद्युतवाहक पट्ट्यांना टेकते, मंडल पुरे होते आणि माग थांबतो. हजारो धाग्यांतला एक धागा तुटल्याची बातमी मागाला अशी क्षणार्धात कळते. आडवा धागा तुटला तर त्यासाठीही वेगळी योजना असते. म्हणजे ज्या शेडमध्ये एक धागा तुटल्याची दखल घेणारी यंत्रणा चोवीस तास जागी असते, त्याच शेडमध्ये शंभर किलो सूत धुमसत असल्याची दखल घेणारे कोणी नाही, असे होऊ शकते. तुटलेल्या धाग्याने माल खराब होतो व तोटा लगेच दिसतो. आग ही वर्षानुवर्षे न घडणारी घटना. पहिल्या यंत्रणेवर खर्च करायला कोणालाही आग्रह करावा लागत नाही.

धूर कळतो कसा?

कौलारू घरात दुपारी छपराच्या फटीतून कवडसा पडतो. त्या प्रकाशाच्या झोतात धुळीचे कण नाचताना दिसतात. कण नसते तर झोत बाजूने पाहणाऱ्याला दिसलाच नसता. धूर ओळखणारे बहुतेक संवेदक याच तत्त्वावर चालतात. एका काळ्या डबीत एका बाजूला अवरक्त प्रकाश देणारा दिवा असतो. त्याच्या झोताच्या रेषेत नव्हे, तर थोडा कोनात, प्रकाश टिपणारा डायोड बसवलेला असतो. डबीत स्वच्छ हवा असेल तर डायोडवर प्रकाश पडत नाही. धूर शिरला की कणांवरून प्रकाश विखुरतो आणि काही प्रकाश डायोडपर्यंत पोचतो. डायोडमधून वाहणारा प्रवाह किती, यावरून धूर किती दाट आहे याचा अंदाज येतो. (दुसऱ्या एका प्रकारात अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरून हवेचे आयनीभवन करतात. धगधगत्या ज्वाळांचा बारीक धूर त्याला चटकन कळतो, धुमसण्याचा धूर उशिरा. आपल्या प्रश्नाला पहिला प्रकार अधिक जवळचा.)

परंतु कवडशात दिसतात ते कण धुराचेच असतात असे नाही. टॉवेलच्या कारखान्यात हवेत सदैव कापसाचे तूस उडत असते. मागांवर, तारांवर, पंख्यांच्या पात्यांवर त्याचे थर बसतात. डबीत तूस शिरले की संवेदक धूर समजून ओरडतो. आठवड्यातून दोनदा विनाकारण भोंगा वाजला की तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्याची तार काढून ठेवतो. यात कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. खोटे बोलणाऱ्या पहारेकऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नसते.

मग उष्णतेवर चालणारा संवेदक लावावा काय? तो तुसाला फसत नाही. पण सोलापूरचा मे महिना आठवा. बाहेर ४२-४३ अंश सेल्सियस, आणि तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली त्याहून कितीतरी अधिक. ठरावीक तापमानाला वाजणारा संवेदक ५७-५८ अंशांवर बेतलेला असेल, तर त्याच्यात आणि उन्हाळ्यातल्या दुपारी फारसे अंतर उरत नाही. म्हणून तापमान किती आहे यापेक्षा ते किती वेगाने चढते आहे हे पाहणारे संवेदक असतात. उन्हाने छप्पर तापायला तास लागतात. आग मिनिटाला आठ-नऊ अंश सहज चढवते. मात्र धुमसणाऱ्या सुतापासून उष्णता फार हळू बाहेर पडते, तेव्हा हा संवेदक अशा आगीत उशिराच जागा होतो.

कापूस पेटण्यापूर्वी बराच काळ धुमसतो, हे ज्यांनी शेकोटीत जुनी गोधडी टाकून पाहिली आहे त्यांना सांगायला नको. गाठीच्या आत धाग्यांच्या फटींत थोडीशी हवा असते. ती पूर्ण ज्वलनाला पुरत नाही. त्यामुळे कार्बन डायॉक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही बऱ्याच प्रमाणात तयार होतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून झोपलेल्या माणसाला तो उठण्याआधीच दुबळा करून टाकतो. झोपेत नाकाचा उपयोग फारच थोडा. वासाने जाग येईल या भरवशावर राहता येत नाही. परंतु हाच वायू संवेदकाच्या दृष्टीने मोलाची खूण आहे, कारण तूस किंवा ऊन तो निर्माण करत नाही. एका छोट्या विद्युतरासायनिक घटात या वायूचे ऑक्सिडीकरण होते व त्याच्या प्रमाणात प्रवाह वाहतो. वायू किती, हे असे मोजता येते. अर्थात शेडच्या दारात उभ्या ट्रकचे इंजिन सुरू असेल तर तोही हा वायू सोडतोच.

थोडक्यात, बिनचूक असा एकही संवेदक नाही. प्रत्येकाची फसण्याची जागा निराळी.

तिघांचा संशय

आता समजा, शेडमध्ये एक धूर-संवेदक आहे व तुसामुळे तो सरासरी दहा दिवसांतून एकदा खोटी हाक देतो. दहा दिवसांची मिनिटे १४,४००. म्हणजे एखाद्या मिनिटात त्याने खोटी हाक देण्याची शक्यता १४,४०० त १. असे तीन संवेदक लावले आणि कोणीही ओरडला की भोंगा, असा नियम केला, तर खोट्या हाका तिप्पट होतील. सव्वातीन दिवसांतून एक. आता नियम बदलू. तिघांपैकी किमान दोघांनी एकाच मिनिटात हाक दिली तरच भोंगा वाजवायचा. दोन विशिष्ट संवेदक एकाच मिनिटात फसण्याची शक्यता १४,४०० गुणिले १४,४००, म्हणजे २०,७३,६०,००० त १. तिघांत जोड्या तीन, म्हणून ६,९१,२०,००० त १. वर्षाची मिनिटे ५,२५,६००. भागाकार करून पाहा: अशी खोटी हाक सुमारे १३१ वर्षांतून एकदा येईल.

खरी आग मात्र हुकता कामा नये. प्रत्येक संवेदक खरी आग एका मिनिटात ओळखण्याची शक्यता ०.९ धरू. किमान दोघांनी ओळखण्याची शक्यता ३ × ०.९ × ०.९ × ०.१ अधिक ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.९७२ येते. एकट्याच्या ०.९ पेक्षा ती जास्तच आहे. खोट्या हाका जवळजवळ नाहीशा, आणि खरी आग ओळखण्याची शक्ती वाढलेली. अकरावी-बारावीच्या मुलांना संभाव्यतेचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण हे १३१ वर्षांचे उत्तर वर्गात सांगून थांबू नये. त्यात एक गृहीत दडलेले आहे. तिघे संवेदक एकमेकांपासून स्वतंत्रपणे फसतात, असे आपण धरले. प्रत्यक्षात कॉम्प्रेसरच्या हवेने माग झाडायला घेतले की साऱ्या शेडमध्ये एकदम तूस उडते आणि तिघेही एकाच वेळी फसतात. गुणाकार कोसळतो, १३१ वर्षांचा हिशोब पुढच्या साफसफाईपर्यंतच टिकतो. उपाय एकच: साक्षीदार एकाच घरचे नकोत. एक धुराचा, एक तापमानवाढीचा, एक कार्बन मोनॉक्साइडचा असे तिघे ठेवले, तर तिघांना एकदम फसवणारे कारण सहसा आगच असते. मात्र धुमसण्याच्या काळात यातला तापमानवाला झोपलेलाच राहील, तेव्हा उरलेल्या दोघांवर भिस्त ठेवावी लागते, हे ध्यानात घेऊनच नियम ठरवायला हवा.

येथे आणखी एक बारकावा आहे, आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. संवेदकाने दुसऱ्याला नेमके काय सांगायचे? 'आग आहे' किंवा 'आग नाही' एवढेच, की त्याला जाणवलेला आकडा? वर्गात तीन मुलांना जळकट वास येतो आहे. प्रत्येकाला तो इतका थोडा येतो, की 'उगीच हसे व्हायला नको' म्हणून तिघेही गप्प बसतात. तिघांनी एकमेकांना 'तुलाही येतो का रे?' एवढे विचारले असते तर? समजा, धुराचा आकडा १० झाला की संवेदकाने हाक द्यायची, आणि एरवी तो १ किंवा २ असतो. तीन संवेदकांच्या मधोमध काही धुमसते आहे आणि ते अनुक्रमे ७, ८ आणि ७ दाखवत आहेत. 'हो-नाही'च्या भाषेत तिघांचेही उत्तर 'नाही'. परंतु आकडे एकत्र आले, तर तिघांचे एकाच वेळी चौपट होणे हा योगायोग नव्हे हे लगेच कळते. निर्णय सांगण्याऐवजी संशय सांगितला तर बातमी लवकर लागते.

मग सगळेच आकडे सतत का पाठवू नयेत? एका ठिकाणचे तीन आकडे, प्रत्येकी दोन बाइट, दर सेकंदाला पाठवले तर दिवसाला ५,१८,४०० बाइट होतात. हे ओझे मोबाइलच्या मानाने क्षुल्लक, पण पेन्सिल-सेलवर वर्षभर चालायच्या उपकरणाला जड आहे. म्हणून मधला मार्ग काढतात. सारे काही नेहमीसारखे असेल तर गप्प राहायचे. आकडा आपल्या रोजच्या पातळीपासून हटू लागला, की मगच तो शेजाऱ्यांना सांगायचा.

निरोपाचा प्रवास

संवेदक, एक छोटा संगणक, एक रेडिओ आणि बॅटरी यांची मिळून एक डबी होते. तिला तंत्रज्ञ नोड म्हणतात. आपण ठाणे म्हणू. टपालाचे घोडेस्वार एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला थैली देत, त्याच रीतीने येथे निरोप पुढे जातो. कोपऱ्यातल्या ठाण्याचा आवाज दारापर्यंत पोचत नसेल, तर मधली ठाणी तो ऐकून पुढे सांगतात.

भिंतीपलीकडे बिनतारी इशारा देऊन घंटा वाजवण्याचा प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात करून दाखवला होता. तत्त्व तेच, पण औद्योगिक शेड ही रेडिओलहरींना अवघड जागा आहे. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. शाळेतल्या फूटपट्टीहून जरा मोठी. विटांच्या भिंतीतून ही लहर क्षीण होऊन का होईना पार जाते. धातूच्या पत्र्यावरून मात्र ती परावर्तित होते. पत्र्याचे छप्पर, लोखंडी माग, कपाटे अशा अनेक पृष्ठभागांवरून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कोठे त्यांची बेरीज होते, कोठे वजाबाकी. वजाबाकीच्या जागी ठेवलेले ठाणे बहिरे होते, आणि चार बोटे सरकवले की पुन्हा ऐकू लागते. बसवणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो डबीच खराब म्हणून परत पाठवतो.

शिवाय प्रत्येक टप्प्यावर निरोप हरवू शकतो. एका टप्प्यावर तो सुखरूप पोचण्याची शक्यता ०.९ असेल, तर पाच टप्प्यांनंतर ती ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.५९ उरते. दहांतल्या चार बातम्या वाटेतच संपल्या! म्हणून रजिस्टर टपालाला पूर्वी पोचपावती असे तशी येथेही असते. निरोप ऐकणारे ठाणे 'मिळाला' असे उलट कळवते. पोच आली नाही तर पाठवणारा पुन्हा पाठवतो. तीनदा प्रयत्न केले तर एका टप्प्याचे यश ०.९९९ आणि पाच टप्प्यांचे ०.९९५ होते. एक घोटाळा मात्र उरतो. पोच न येण्याचा अर्थ निरोप पोचला नाही असाच होत नाही. कदाचित पोचच हरवली असेल. तेव्हा तोच निरोप दोनदा मिळतो. दोघांनी हाक दिली की भोंगा, असा आपला नियम असेल तर एकाच संवेदकाची हाक दोनदा मोजली जाण्याचा धोका आहे. म्हणून प्रत्येक निरोपावर ठाण्याचा क्रमांक, निरोपाचा अनुक्रमांक आणि वेळ लिहितात. (अशा छोट्या उपकरणांसाठी २००३ साली ठरलेल्या एका आंतरराष्ट्रीय मानकात एका निरोपाची कमाल लांबी १२७ बाइट आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तेव्हा मराठीत लिहायचे तर जेमतेम ४२ चिन्हे मावतील. सुदैवाने ठाणी आकड्यांतच बोलतात.)

सर्वांत वाईट वेळ येते ती खरी आग लागल्यावर. एरवी गप्प असलेली वीस ठाणी एकदम बोलू लागतात आणि एकाचाही आवाज धड ऐकू येत नाही. हवेतला हा कलह १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने उभारलेल्या 'अलोहा' या रेडिओ जाळ्यात पहिल्यांदा नीट अभ्यासला गेला. तेथे नियम सोपा होता: वाटेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोला. गणिताने दिसून आले, की अशा जाळ्यात वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्केच भाग कामी येतो. मग 'आधी ऐका, मग बोला' हा नियम आला. तोही पुरता लागू पडत नाही. भिंतीच्या दोन बाजूंच्या ठाण्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. दारातल्या ठाण्याला मात्र दोघांचा येतो, आणि त्याच्या कानात टक्कर होतेच. म्हणून हुशार ठाणी आणखी एक गोष्ट करतात. शेजाऱ्याची हाक कानी आली असेल, तर आपली वेगळी हाक न देता तिच्यात 'मलाही' एवढी भर घालून पुढे पाठवतात. वीस निरोपांचे दोन-तीन होतात, आणि कितीजणांना जाणवले तेही कळते.

झोपणारे पहारेकरी

रेडिओ चालू ठेवायला, निदान ऐकत राहायला, साधारण २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे धरू. २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे सेल शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांत संपतील. दर चार दिवसांनी छपराला शिडी लावून सेल बदलणार कोण? म्हणून पहारेकरी झोपतात. दर सेकंदाला फक्त १० मिलिसेकंद जागे होऊन 'कोणी हाक मारते का' ते ऐकायचे व पुन्हा झोपायचे. म्हणजे वेळेचा शंभरावा भाग जागरण. झोपेतला खर्च नगण्य धरला तर तेच सेल दहा हजार तास, म्हणजे चारशेहून अधिक दिवस टिकतात. ज्याला हाक द्यायची आहे त्याने ती पूर्ण एक सेकंद पुन्हा पुन्हा द्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या जागेपणाशी ती कधीतरी गाठ पडणारच. किंमत अशी, की प्रत्येक टप्प्याला फार तर एक सेकंद उशीर होतो. पाच टप्पे, पाच सेकंद. आगीच्या हिशोबात हा सौदा परवडतो.

घड्याळांचेही पाहावे लागते. स्वस्त क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत वीस भाग इतका चुकतो. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ही चूक पावणेदोन सेकंद होते. एक घड्याळ पुढे आणि दुसरे मागे जात असेल, तर महिन्याभरात दोन ठाण्यांच्या वेळेत पावणेदोन मिनिटांचा फरक पडेल, आणि 'एकाच मिनिटात दोघांची हाक' हा आपला नियम निरर्थक होईल. म्हणून मुख्य ठाणे अधूनमधून सर्वांना वेळ सांगत राहते.

मुख्य ठाणे म्हणजे जेथून बातमी भोंग्याकडे, मालकाच्या मोबाइलकडे, वसाहतीच्या अग्निशमन केंद्राकडे जायची ते. पुष्कळ ठिकाणी ते कार्यालयातल्या वायफायच्या डबीला जोडून मोकळे होतात. शॉर्ट सर्किट झाले की सर्वांत आधी वीज जाते; विजेबरोबर वायफाय जाते; आणि पुढे सारी ठाणी जागी असूनही बातमी दारातच अडते. या एका दुव्याला स्वतःची बॅटरी आणि मोबाइलचे स्वतंत्र सिमकार्ड हवेच, आणि भोंगा वाजायला इंटरनेट लागता कामा नये. झोपलेल्या माणसाला उशाशी वाजणाऱ्या भोंग्याने जाग येते. मोबाइलवर आलेल्या निरोपाने येईलच असे नाही.

आणि जे ठाणेच जळून गेले ते काय सांगणार? येथे एक सुंदर युक्ती वापरतात. प्रत्येक ठाण्याने दर मिनिटाला 'मी आहे' एवढे म्हणायचे. ते थांबले की मुख्य ठाण्याला कळते. सेल संपला असेल, तर आधीचे काही दिवस बॅटरीचा आकडा उतरत आलेला दिसतो. शेवटच्या मिनिटांत तापमान चढत गेले असेल व शेजारचे ठाणेही तापत असेल, तर गप्प झालेल्या ठाण्यांच्या क्रमावरून आग कोणत्या दिशेने सरकते आहे तेही नकाशावर मांडता येते. मौनसुद्धा मोजता येते.

हे सारे वाचून कोणी आपल्या शेडमधल्या चांगल्या तारा काढून बिनतारी डब्या लावू नयेत. जेथे तार ओढता येते तेथे तारच बरी, असे आमचे मत आहे. बिनतारीचा उपयोग आहे तो जुन्या इमारतीत, माग वारंवार हलवावे लागतात तेथे, आणि मुख्यतः एका कारखान्याच्या कुंपणापलीकडे. आग कुंपण जाणत नाही. शेजारच्या चार कारखान्यांची ठाणी एकमेकांचे निरोप पुढे नेऊ लागली, तर एकाची वीज गेली तरी बातमी दुसऱ्याच्या दारातून बाहेर पडेल. यात तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण आहे ती मनाची. आपल्याकडे किती माग चालू आहेत, रात्रपाळी आहे की नाही, हे शेजाऱ्याला किंवा सरकारी खात्याला कळावे असे कोणाला वाटत नाही. ही शंका रास्त आहे. म्हणून निरोप कुलूपबंद करून पाठवतात. मधले ठाणे तो वाहून नेते, पण उघडू शकत नाही. आणि मुळात फक्त आगीचे आकडेच बाहेर पाठवायचे, उत्पादनाचे नाहीत, हे आधी ठरवावे लागते. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. त्याने जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन काय करावे, हा प्रश्न वसाहतीतल्या उद्योजकांनीच सोडवायचा आहे.

लहरच संवेदक

संवेदना वाटून घेण्याची हीच कल्पना आता रस्त्यावरच्या वाहनांत येते आहे. ट्रकच्या आडून रस्ता ओलांडणारे मूल मागच्या गाडीला दिसत नाही. पुढच्या गाडीला दिसते. पुढची गाडी 'अमुक जागी, अमुक वेगाने काहीतरी हलते आहे, माझी खात्री इतकी' असे रेडिओवरून सांगू शकते. येथेही पूर्ण चित्र पाठवत नाहीत, त्याचे सार पाठवतात, आणि वेळ व खात्री त्याबरोबर जोडतात. आपल्या शेडमधल्या ठाण्यांची आणि या गाड्यांची भाषा मुळात एकच.

याहून नवलाची गोष्ट अशी, की बातमी वाहणारी लहर स्वतःच संवेदक होऊ शकते. ठाण्यांमधल्या वाटेत माणूस आला की लहरींच्या बेरीज-वजाबाकीत फरक पडतो. छातीच्या हालचालीनेही तो पडतो. नेपाळमध्ये २०१५ च्या एप्रिलमध्ये झालेल्या भूकंपानंतर चौतारा या गावी नासाच्या प्रयोगशाळेत घडलेल्या 'फाइंडर' या सूक्ष्मलहरींच्या उपकरणाने ढिगाऱ्याखालच्या चौघांच्या हृदयाचे ठोके टिपले आणि ते चौघे जिवंत बाहेर आले. २०२३ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने सहाव्या पिढीच्या मोबाइल जाळ्याची जी रूपरेषा ठरवली, तिच्या सहा प्रमुख उपयोगांत 'संदेशवहन आणि संवेदन एकत्र' हा एक आहे. मोबाइलचा मनोरा आणि हातातला मोबाइल यांनी भोवतालचे जे काही जाणले, ते एकमेकांना कसे सांगावे, याचे नियम घडवण्याचे काम जगभर चालू आहे. धुराने भरलेल्या मजल्यावर कोणत्या खोलीत माणूस आहे, हे दारातल्या जवानाला त्यातून कळू शकेल. मात्र फिरणारा पंखा, हलणारा पडदा आणि श्वास घेणारा माणूस यांतला फरक ओळखणे सोपे नाही. धूर आणि तूस यांचीच अडचण येथे नव्या रूपात उभी राहते. आणि भिंतीपलीकडच्या माणसाचा श्वास ज्याला कळतो, त्याला ती बातमी कोणाकोणाला सांगू द्यायची, हा प्रश्न तर शेडमधल्या मागांच्या संख्येपेक्षा कितीतरी नाजूक आहे.

शिक्षकांना हा विषय उपकरणांशिवायही वर्गात करून पाहता येईल. वीस मुले मैदानावर हाकेच्या अंतरापेक्षा कमी, पण कुजबुज ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभी करावीत. प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा. कोपऱ्यातल्या तिघांना चिठ्ठीवर एकेक आकडा द्यावा आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाने त्या तिघांची बेरीज सांगावी, असा खेळ ठेवावा. पहिल्या फेरीत काहीच नियम नको. दुसऱ्या फेरीत पोच देण्याचा नियम घालावा. तिसऱ्या फेरीत मधल्या तिघांना गुपचूप सांगावे, की तुमचा सेल संपला आहे, तुम्ही बोलू नका. प्रत्येक फेरीला किती सेकंद लागले आणि उत्तर बरोबर आले की नाही, ते फळ्यावर मांडत जावे. तिसऱ्या फेरीत मुले गप्प झालेल्यांना वळसा घालून निरोप न्यायची वाट आपणहून शोधतात का, आणि ते गप्प आहेत हे त्यांच्या ध्यानात यायला किती वेळ लागतो, तेही टिपावे.